बाप ‘गैरहजर’ म्हणजे नेमका कुठे?

वडील घरी नसले की मुलं शाळेत मागे पडतात, हे वाक्य पालकसभेत सर्रास ऐकू येतं. यामागे संशोधन आहे का? आहे, बरंच आहे. पण ते नेमकं काय सांगतं आणि वेल्ह्याला कितपत लागू पडतं, ते बघू.

सारा मॅक्लानाहन, लॉरा टॅक आणि डॅनियल श्नायडर यांनी २०१३ मध्ये या अभ्यासांचा एक मोठा आढावा लिहिला. त्यांची अडचण साधी होती. ज्या घरात बाप नाही, तिथे गरिबी किंवा भांडणं आधीपासूनच असू शकतात. मग मुलाला मार्क कमी पडले तर कारण कोणतं धरायचं? म्हणून त्यांनी या गुंत्यातून वाट काढणारे अभ्यास निवडले. उदाहरणार्थ, सख्ख्या भावंडांची तुलना करणारे. निष्कर्ष असा निघाला: मुलांच्या वागणुकीवर परिणाम दिसतो, शाळा पूर्ण होण्याची शक्यता घटते, पण परीक्षेच्या गुणांबाबतचा पुरावा कमकुवत आहे. म्हणजे ‘बाप नाही, म्हणून डोकं चालत नाही’ याला फारसा आधार नाही. खरी भीती मूल शाळा अर्ध्यात सोडेल याची आहे.

इथपर्यंत मला हा आढावा पटतो. माझा आक्षेप पुढे आहे. यातली बरीचशी घरं अमेरिकेतली, आणि बाप नसण्याचं कारण बहुतेक वेळा आईवडिलांचं वेगळं होणं. आपल्या वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, बाप पुण्या-मुंबईत कामाला असतो, सणाला आणि भातलावणीला येतो. हेमलता दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातल्या सुगाव या गावावर १९८६ मध्ये पुस्तक लिहिलं. त्याच्या शीर्षकाचाच अर्थ आहे, ‘पुरुष मुंबईला, बायका घरी’. तिथेही मुंबईचा पैसा गावात यायचा आणि शेतीचा भार बायकांवर पडायचा.

मुलाच्या बाजूने पाहा. बापाच्या पगारातून वह्या, गणवेश, एसटीचा पास होतो. पण घरात दोन हात कमी असतात, आणि आईला मदत म्हणून थोरलीला लावणीच्या दिवसांत शाळा बुडवावी लागू शकते. एक गोष्ट शाळेकडे ढकलते, दुसरी मागे ओढते. ज्याचे वडील वारले, त्याच्याकडे तर पगारही नाही. सर्वेक्षणात मात्र दोघांसमोर एकच खूण: ‘वडील घरी नाहीत’. मग सरासरी काढून काय कळणार?

म्हणून इथे अभ्यास करायचा तर तीन प्रश्न तरी वेगळे विचारावे लागतील. पैसे येतात का? बापाच्या वाटचं काम कोणावर पडलं? शाळा चालू ठेवायची की नाही, हे कोण ठरवतं?

तोपर्यंत शिक्षकांना एक विनंती. बाप मुंबईला आहे म्हणून मुलाला आधीच ‘कच्चा’ ठरवू नका. त्यापेक्षा जुलैची हजेरी काढून बघा. कोण, किती दिवस आणि का आलं नाही, हे त्यातून जास्त कळेल, आणि त्यावर वेळेत काही करताही येईल.