जुन्या प्रश्नपत्रिकेतले ९९ टक्के

संगणक-जाळ्यातला घुसखोर ओळखणाऱ्या नव्या पद्धतीवरचा शोधनिबंध उघडावा, तर अजूनही पुष्कळदा ‘केडीडी कप ९९’ हाच माहितीसंच भेटतो. सोबत ९९ टक्के अचूकतेचा दावा. अमेरिकेतल्या लिंकन प्रयोगशाळेने १९९८ मध्ये मुद्दाम घडवलेल्या रहदारीतून तो तयार झाला. त्या वेळी असे काही हाती असणे मोलाचेच होते. पण त्याच प्रयोगशाळेच्या १९९९च्या संचात मॅहोनी आणि चॅन यांना २००३ मध्ये एक गंमत सापडली. जाळ्यातल्या प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो, तो दर टप्प्याला एकने घटतो. १२६ आणि २५३ हे आकडे फक्त हल्ल्याच्या पाकिटांवर होते. नेहमीच्या रहदारीत बहुधा १२७ आणि २५४! म्हणजे हल्ला न समजताही पैकीच्या पैकी गुण. (कॉपी करणाऱ्याला एवढेच पुरते.) ‘केडीडी’त शिकवणीच्या सुमारे ७८ टक्के नोंदी पुनरुक्त असल्याचेही २००९ मध्ये दिसले.

२०१६ मध्ये ‘मिराई’ने कारखान्यातूनच आलेले पासवर्ड वापरून घरोघरचे कॅमेरे ताब्यात घेतले. १९९८च्या संचात ते कुठून असणार? अशा निबंधाला पहिला प्रश्न विचारावा तो हा: शिकवणी कोणत्या वर्षाच्या माहितीवर, आणि परीक्षा त्यानंतरच्या कोणत्या वर्षाच्या हल्ल्यांवर?