चरित्र कीं वकीलपत्र?

चरित्रनायकाशीं चरित्रकाराचा स्नेह असावा, हें चरित्राचें भाग्य कीं त्याच्या मार्गांतील धोंड? अलेक्झांडर इन्स शँड यांनीं लिहिलेलें जनरल सर एडवर्ड ब्रूस हॅम्ली यांचें द्विखंडात्मक चरित्र (१८९५) वाचतांना हा प्रश्न आमच्या मनांत वारंवार उभा राहिला.

हॅम्ली यांचा जन्म १८२४ सालीं कॉर्नवॉलमधील बॉडमिन येथें झाला. तोफखान्यांतील अधिकारी म्हणून ते क्रिमियाच्या युद्धांत लढले, आणि सेबास्टपोलच्या वेढ्याची हकीकत छावणींतूनच 'ब्लॅकवुड्स मॅगझिन'कडे लिहून धाडीत राहिले. त्यांनीं कादंबरी लिहिली, व्हॉल्टेअरवर ग्रंथ लिहिला. आणि स्टाफ कॉलेजांत सैनिकी इतिहास शिकविल्यानंतर १८६६ सालीं 'ऑपरेशन्स ऑफ वॉर' हा आपला प्रमुख ग्रंथ प्रसिद्ध केला. सैन्याचा तळ, रसदेचे मार्ग आणि आघाडीची दिशा यांवर मोहिमेचें यशापयश कसें अवलंबून असतें, हें त्यांत प्रत्यक्ष मोहिमांचे दाखले देऊन उलगडलें आहे. पुढें कित्येक वर्षें इंग्रज अधिकाऱ्यांनीं तें पाठ्यपुस्तक म्हणून अभ्यासिलें. शँड हेही 'ब्लॅकवुड्स'चेच लेखक. त्यामुळें तलवार व लेखणी दोन्ही चालविणाऱ्या या पुरुषाविषयीं त्यांनीं आपुलकीनें लिहावें, हें स्वाभाविकच होय.

अडचण उत्पन्न होते ती ईजिप्तच्या मोहिमेपाशीं. १३ सप्टेंबर १८८२ रोजीं पहाटे तेल-एल-केबीर येथें उराबी पाशाच्या मोर्चांवर इंग्रज फौजेनें हल्ला केला. त्यांत दुसऱ्या डिव्हिजनचे नेतृत्व हॅम्लींकडे होतें. जय मिळाला, परंतु सरसेनापति वुल्झ्ली यांच्या खलित्यांत आपल्या डिव्हिजनच्या कामगिरीचें चीज झालें नाहीं, हें शल्य हॅम्लींस कायमचें राहिलें. १८८२ सालींच त्यांनीं तें मासिकांतून जाहीरपणें मांडलें. शँड तीच तक्रार पुढें चालवितात आणि तेथें चरित्राचें वकीलपत्र होतें. हॅम्लींवर अन्याय झालाच नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एकाच पक्षकाराची कैफियत ऐकून वाचकानें निवाडा द्यावा, ही अपेक्षा रास्त नव्हे. शिवाय, युद्धशास्त्र उत्तम शिकविणें आणि रणांगणावर सैन्य हांकणें हे दोन गुण एकाच ठायीं कितपत नांदतात, हा या चरित्राचा खरा गाभा. आणि रागलोभाच्या या गदारोळांत तोच झांकून गेला आहे.

यांतील विसंगति अशी कीं, दोन्ही सैन्यें कोठें उभीं होतीं हें नकाशावर पाहिल्यावांचून कोणत्याही मोहिमेविषयीं मत देऊं नये, ही शिस्त हॅम्लींच्या ग्रंथाच्या पानोपानीं दिसते. त्यांच्या चरित्रकारानें एवढी एक शिस्त पाळली असती, तरी मित्रकार्य अधिक चांगलें साधलें असतें. १८९३ सालीं हॅम्ली वारले. वुल्झ्लींचा खलिता आज इतिहासकारांखेरीज फारसें कोणी वाचीत नसेल. हॅम्लींचा ग्रंथ मात्र युद्धशास्त्राच्या अभ्यासकांस अजून चाळावा लागतो. हेंच त्यांचें खरें समर्थन होय. त्यास वकिलाची गरज नव्हती. थोर पुरुषांचीं चरित्रें भक्तिभावानें लिहिण्याची संवय आपल्याकडेही थोडीथोडकी नाहीं. त्या दृष्टीनें मराठी चरित्रकारांनीं हे दोन खंड अवश्य वाचावे, असें आम्हांस वाटतें.