उतारावरचा गोटा आणि खालचे दोर

एकाच फलित अंड्यातून चेतापेशीही होते आणि स्नायूही. हे कसं, असं विचारलं की बहुधा एक चित्र पुढे येतं. उतार, त्यात फुटत गेलेल्या दऱ्या, माथ्यावर घरंगळायच्या बेतात असलेला गोटा. गोटा म्हणजे पेशी. ज्या दरीत शिरेल, ते तिचं काम. कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९५७च्या पुस्तकात हे चित्र छापलं.

चित्र चटकन पटतं, आणि तिथेच गोची आहे. ‘एकदा लाइन निवडली की निवडली’ हे आपण दहावीपासून ऐकत आलोय. उतारही तेच बोलतोय असं वाटतं.

प्रयोग मात्र ऐकत नाहीत. १९६२ साली जॉन गर्डन यांनी टॅडपोलच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक, स्वतःचं केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातलं. काही अंड्यांतून टॅडपोल वाढले. म्हणजे आतड्याच्या पेशीनं बाकीची जनुकं फेकली नव्हती, नुसती मिटून ठेवली होती. २००६मध्ये शिन्या यामानाका यांनी चार जनुकांच्या जोरावर उंदराच्या पेशी जवळजवळ माथ्यावर नेल्या.

मग वॉडिंग्टन चुकले? नाही, आपण अर्धंच पाहिलं. त्याच पुस्तकात तोच उतार खालून काढलेला आहे. जमिनीत खुंट्या, खुंट्यांना दोर, दोरांनी ताणलेला पृष्ठभाग. खुंट्या म्हणजे जनुकं. दोर ढिला केला की दरीच हलते. या नजरेनं बघितलं तर यामानाकांनी गोटा ढकलला नाही, दोर ओढले. दऱ्या खोट्या नाहीत. यकृताची पेशी दुभंगून पुन्हा यकृताचीच होते, म्हणून तर शरीर टिकतं. पण त्या कातळात कोरलेल्या नाहीत.

माझी तक्रार वेगळीच आहे. वरून बघा की खालून, गोटा एकटाच. १९२४ साली हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी न्यूटच्या एका भ्रूणातला बारीकसा तुकडा दुसऱ्याच्या पोटाकडच्या बाजूला बसवला. तिथे दुसरं शरीर आकार घेऊ लागलं, आणि त्याचा बराचसा भाग यजमानाच्याच पेशींचा होता. पोटाची त्वचा व्हायच्या पेशी शेजार बदलताच चेतासंस्था झाल्या. हा शेजार दोन्ही चित्रांत कुठेच नाही.

ते चित्र पुन्हा दिसलं तर दोन प्रश्न विचारा: याचे दोर कुठे आहेत? आणि बाकीचे गोटे?