'जन्मठेप' आणि 'काळे पाणी' : एका शिक्षेची दोन नावे

इंग्रजी कायद्यातील या शिक्षेचे नाव दोषीला समुद्रापार वाहून नेण्यावरून पडले होते. मराठीने तिचे दोन तुकडे केले. 'जन्मठेप' या शब्दात डांबून ठेवणे आहे, नेणे नाही. 'काळे पाणी'त समुद्र आहे, मुदत नाही. १९५५ च्या दुरुस्तीने दंडसंहितेतील ही शिक्षा जाऊन आजन्म कारावास आला, तेव्हा इंग्रजी पाठ बदलावा लागला. 'जन्मठेप' हा शब्द मात्र तसाच चालला.

हे केवळ भाषांतराचे सैलपण नव्हे. पेशवाईत कैदी डोंगरी किल्ल्यांवर ठेवले जात. १८१८ मध्ये त्र्यंबकगडासह नाशिकचा मुलूख कंपनीकडे गेला आणि पुढे किल्ल्याच्या जोडीला जहाज आले. मुंबई इलाख्यातील कैदी मॉरिशसला (हे बेटही इंग्रजांनी १८१० मध्ये फ्रेंचांकडून घेतलेले) आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीतील वसाहतींत गेले. १८५८ पासून अंदमानात. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्या पहिल्या पिढ्यांना जागा नाही.

म्हणूनच 'माझी जन्मठेप' (१९२७) या शीर्षकातील सर्वनाम तपासावेसे वाटते. नाशिकच्या बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये ही शिक्षा झाली ती कवी गोविंदांच्या कविता प्रसिद्ध केल्याबद्दल (कवी सुटला, प्रकाशक गेला, हा वाङ्मयेतिहासातला चमत्कारिक प्रसंग). धाकटे बंधू विनायकराव १९११ मध्ये मद्रासहून 'महाराजा' आगबोटीने अंदमानात पोचले. आपल्या समीक्षेने या ग्रंथात कोठडी, कोलू आणि काव्य पाहिले. समुद्रप्रवास प्रस्तावनेसारखा ओलांडला. माझ्या मते संहितेतील सर्वांत अस्वस्थ जागा तीच आहे. बोटीवरच्या पिंजऱ्यात, सामान्य कैद्यांच्या दाटीत, शौचाच्या पिंपालगत निवेदक पडलेला आहे. पुढे कोठडीत तो एकटा असेल, राजबंदी असेल. येथे तो 'चलान'मधला एक आहे. ही किळस तो विचाराच्या बळावर जिंकतो, आणि ते खरेही वाटते. पण त्या विजयाबरोबर निवेदन 'मी'कडे परतते. शेजारच्यांना देह मिळतो, चरित्र मिळत नाही.

'काळे पाणी' (१९३७) या कादंबरीत मात्र सामान्य गुन्हेगार मध्यभागी येतात. आत्मकथनाने ज्यांना गर्दीत ठेवले, त्यांच्याकडे लेखक दहा वर्षांनी वळला, तोही रंजक कथानकाचा आधार घेऊन. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचले, तर शिक्षेची दोन नावे दोन वाङ्मयप्रकारांत वाटली गेलेली दिसतात.