बारसूची मधली रेषा

राजापूर तालुक्यातील बारसूच्या सड्यावर एक मोठे कातळशिल्प आहे. मधोमध माणूस, दोन्ही बाजूंना वाघ. त्याविषयी लिहिताना मोहेंजोदडोची एक मुद्रा हटकून आठवते. तिच्यावरही एक पुरुष दोन हातांनी दोन वाघांना थोपवून धरतो. दोन्ही चित्रांतील सममिती मग नात्याचा पुरावा ठरू लागते. तो पुरावा कितपत टिकतो?

शाळेतली कसोटी सोपी आहे. ज्या रेषेवर घडी घातली असता आकृतीचा एक भाग दुसऱ्यावर तंतोतंत बसतो, ती सममितीची रेषा. चौरसाला अशा ४ रेषा असतात, आयताला २. आयताचा कर्ण त्याचे दोन समान भाग करतो खरा, पण घडीत ते एकमेकांवर बसत नाहीत. समान वाटणी वेगळी, प्रतिबिंब वेगळे. जांभ्यावर हाताने कोरलेली आकृती या कसोटीला क्वचितच पुरी उतरेल. तिच्यात आपल्याला जाणवतो तो बहुधा तोल.

हा तोल येतो कुठून? माणूस समोरून दाखवला की मधली रेषा आपोआप मिळते. कशेळीचा प्रचंड हत्ती बाजूने दाखवला आहे. त्याला ती नाही. समोरून काढलेल्या माणसाच्या दोन बाजूंना दोन जनावरे, ही मांडणी प्राचीन मेसोपोटेमियातही आढळते. ती कुठल्याही कारागिराला स्वतंत्रपणे सुचू शकते. म्हणून एकटी सममिती वंशावळ सांगत नाही.

मुद्रेचेच पाहा. मुद्रा उलटी कोरतात. ओल्या मातीवर उमटते ते तिचे प्रतिबिंब. त्यात माणूस आणि वाघ जवळजवळ तसेच राहतात, अक्षरे मात्र डावी-उजवी होतात. दिवाळीत उंबऱ्यापुढे काढलेले स्वस्तिक पाव फेरा फिरवले तरी तेच दिसते; पण त्याला घडीची एकही रेषा नाही, आणि आरशात त्याचे वळण उलटते. उजवे-डावे कळते ते अशा न जुळणाऱ्या खुणांवरून.

बारसूचे नाते शोधायचे तर तिथेच पाहावे लागेल : दोन वाघांतील फरक, पंजांची ठेवण, कोरलेल्या चरांची रुंदी आणि खोली. कोकणातील कातळशिल्पे २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. तिथले चर दर पावसाळ्यात झिजतात, आणि आधी पुसट होतात ते हेच बारीक फरक. तुलना नंतरही करता येईल. मोजमाप आधी व्हायला हवे.