समग्र समुपदेशन-कौशल्यांचे प्रशिक्षण : वऱ्हाडच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

समुपदेशन व मानसोपचार कौशल्यांच्या प्रशिक्षणक्रमांना ‘समग्र’ हे विशेषण अलीकडे सर्रास जोडले जाते. बोधात्मक उपचार, वर्तनोपचार, ध्यान, योग आणि शिथिलीकरण यांचे थोडेथोडे पाठ एकत्र केले की प्रशिक्षण समग्र झाले, असा समज त्यामागे दिसतो. ही समग्रता तंत्रांची आहे. समोर बसलेल्या माणसाची नव्हे. अमरावती व अकोला हे कोरडवाहू कापूस-सोयाबीनचे आणि शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेले जिल्हे आहेत. तेथे हा भेद केवळ शाब्दिक राहत नाही. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

ज्ञान आणि कौशल्य :

कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये उपचारात्मक बदलासाठी आवश्यक अटी मांडल्या. समुपदेशकाची समानुभूती, बिनशर्त स्वीकार आणि सच्चेपणा या त्यांपैकी प्रमुख होत. या तीन संज्ञांची व्याख्या विद्यार्थी उत्तरपत्रिकेत अचूक लिहितो. परंतु व्याख्या येणे आणि रडणाऱ्या माणसासमोर सल्ला न देता पाच मिनिटे शांत बसता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली व्याख्यानाने साधते. दुसरी सराव, निरीक्षण आणि दुरुस्ती यांनीच साधते. गोव्यात ‘संगथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावरील संक्षिप्त उपचारासाठी सामान्य शिक्षित व्यक्तींना समुपदेशक म्हणून तयार केले. तेथे सत्रांचे ध्वनिमुद्रण ऐकून सहकाऱ्यांनी परस्परांचे मूल्यमापन करण्यावर भर होता. मानसशास्त्राची पदवी नसतानाही कौशल्य येऊ शकते, हे त्यावरून दिसले; मात्र देखरेखीशिवाय ते येते, असे त्यावरून मुळीच ठरत नाही.

वऱ्हाडातील दोन प्रयोग :

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेला ‘विश्राम’ हा कार्यक्रम या दृष्टीने महत्त्वाचा आहे. गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्ते, प्रशिक्षित समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ अशी त्याची पायऱ्यांची रचना होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. ही वाढ लक्षणीय आहे. तथापि स्वतंत्र तुलनागट नसल्याने तिचे संपूर्ण श्रेय कार्यक्रमाला देता येत नाही. शिवाय मदतीपर्यंत पोहोचणे आणि ती मदत कुशल असणे, यांत अंतर आहे.

राज्य शासनाने २०१५ मध्ये विदर्भ व मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात घरोघरी जाऊन तणावग्रस्त व्यक्ती शोधण्याचे काम आशा स्वयंसेविकांकडे आले. येथे प्रशिक्षणाचा खरा पेच उभा राहतो. प्रश्नावली भरणे हे शोधण्याचे साधन आहे, समुपदेशन नव्हे. ‘जगावेसे वाटते का?’ हा प्रश्न विचारल्यानंतर येणाऱ्या उत्तराशी थांबण्याचे कौशल्य विचारणाऱ्याजवळ नसेल, तर तो प्रश्न नुसता नोंदीपुरता उरतो.

भाषा आणि परिस्थिती :

प्रशिक्षणाची पुस्तके प्रमाण मराठीत असतात. दुःख मात्र वऱ्हाडीत बोलते. ‘मले काईच सुचत नाई’, ‘जीव घाबरते’ असे सांगणारा शेतकरी ‘नैराश्य’ हा शब्द क्वचितच उच्चारतो. गाडगेबाबांनी कीर्तनात वऱ्हाडी बोलीतून श्रोत्यांनाच प्रश्न विचारून त्यांच्या तोंडून उत्तरे काढली. उपदेश आणि समुपदेशन एक नव्हेत. तरीही लोकांच्या बोलीत प्रश्न विचारण्याची ही परंपरा प्रशिक्षणाने दुर्लक्षावी, असे कोणतेही कारण नाही.

परिस्थितीचे भान हा दुसरा मुद्दा. नापिकी, सावकाराचा तगादा आणि मुलीचे लग्न यांखाली दबलेल्या माणसास ‘विचार बदला’ असे सांगणे म्हणजे शेतीचे संकट त्याच्या मनावर ढकलणे होय. उलटपक्षी, ‘कर्ज फिटले की सारे ठीक होईल’ असे मानून नैराश्याच्या आजाराकडे डोळेझाक करणेही तितकेच घातक आहे. आत्महत्येनंतर शासकीय मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समितीत ठरते. ‘अपात्र’ ठरलेल्या घरातील विधवेशी बोलणाऱ्या समुपदेशकास या शब्दाचा घाव ठाऊक नसेल, तर त्याची समानुभूती अपुरीच राहणार. तहसील, बँक, जिल्हा रुग्णालय आणि १४४१६ ही ‘टेलिमानस’ सेवा यांकडे नेमके केव्हा पाठवावे, हे जाणणे हाही कौशल्याचाच भाग आहे.

निष्कर्ष :

समग्र प्रशिक्षण म्हणजे तंत्रांची बेरीज नव्हे. व्यक्तीचे मन, शरीर, घर, शेत आणि बोली यांचा एकत्रित विचार होय. महाविद्यालयांनी अल्पमुदतीच्या प्रमाणपत्रांपेक्षा देखरेखीखालील प्रत्यक्ष सत्रांना, वऱ्हाडी बोलीतील सराव-संवादांना आणि स्वतःच्या मर्यादा ओळखून योग्य ठिकाणी पाठविण्याच्या शिस्तीला प्राधान्य देणे अगत्याचे आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने उपचाराचा हक्क मान्य केला. तो हक्क गावात पोहोचतो तो एका माणसाच्या रूपाने. त्या माणसाला ऐकता येते की नाही, यावर त्या हक्काचे मोल अवलंबून आहे.