छायाचित्रसदृशता : वास्तव आणि संकेत
(प्रतिमानिर्मिती करणाऱ्या संगणकीय प्रणालींच्या तुलनेचा निकष)

वास्तववाद ही संज्ञा वाङ्मयसमीक्षेत जितकी रूढ आहे तितकीच ती निसरडी आहे. रोमान याकबसन यांनी १९२१ मधील आपल्या निबंधात या संज्ञेचे अनेक अर्थ वेगळे करून दाखविले. लेखकाचा हेतू, वाचकाची प्रतीती, एकोणिसाव्या शतकातील विशिष्ट संप्रदायाची लक्षणे आणि कथानकाला अनावश्यक अशा तपशिलांची पेरणी, या साऱ्यांना एकाच नावाने संबोधिले जाते आणि त्यातून गोंधळ निर्माण होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. शंभर वर्षांनंतर हाच गोंधळ एका नव्या क्षेत्रात पुन्हा उद्भवला आहे. शब्दांत केलेल्या वर्णनावरून चित्र निर्माण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींपैकी कोणती प्रणाली 'अधिक वास्तव' चित्र देते, हा प्रश्न सर्वत्र विचारला जातो. परंतु येथे 'वास्तव' म्हणजे काय, याचा विचार क्वचितच होतो.

डॅल-ई २ ही प्रणाली एप्रिल २०२२ मध्ये जाहीर झाली. मिडजर्नी त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि ऑगस्टमध्ये स्टेबल डिफ्यूजन प्रसिद्ध झाली. गूगलची इमेजेन, अडोबीची फायरफ्लाय, डॅल-ई ३ आणि २०२४ मधील फ्लक्स ही आणखी काही नावे. यांची तुलना बहुधा त्वचेवरील रंध्रे, डोळ्यांतील प्रकाशबिंदू, बोटांची संख्या अशा खुणांवरून केली जाते. या खुणा निरर्थक नाहीत. मात्र त्यांवरून चित्राचे छायाचित्राशी असलेले साम्य तेवढे सिद्ध होते. छायाचित्र हा वास्तवाचा एक संकेतबद्ध आविष्कार आहे. म्हणून या प्रणालींची तुलना ही वस्तुतः संकेतांची तुलना आहे. प्रस्तुत विवेचनाचे हे मुख्य सूत्र होय.

तांत्रिक मूल्यमापनाची पद्धत पाहिली तरी हेच दिसते. २०१७ पासून रूढ झालेल्या 'एफआयडी' या मापनात निर्मित चित्रांच्या संचाची प्रत्यक्ष छायाचित्रांच्या संचाशी सांख्यिकीय तुलना होते आणि अंक जितका लहान तितके साम्य अधिक मानले जाते. 'कोको' या चित्रसंचावर इमेजेनने ७.२७, तर डॅल-ई २ ने १०.३९ असा अंक नोंदविला. परंतु या मापनात एकटे चित्र खरे की खोटे, हा प्रश्नच उद्भवत नाही; एक समूह दुसऱ्या समूहासारखा दिसतो की नाही, एवढेच पाहिले जाते. शिवाय 'कोको'मधील छायाचित्रे फ्लिकर या संकेतस्थळावरून घेतलेली असून त्यांची वर्णने मोबदला देऊन इंग्रजीत लिहवून घेतलेली आहेत. तेव्हा 'वास्तवाशी साम्य' याचा येथील अर्थ, विशिष्ट लोकांनी काढलेल्या आणि विशिष्ट भाषेत वर्णिलेल्या छायाचित्रांशी साम्य, एवढाच उरतो.

वर्णनाचा हा मुद्दा तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचा वाटावा. या प्रणाली चित्र आणि त्याखालील मजकूर यांच्या जोड्यांवरून शिकतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लायन-५बी या संग्रहात अशा सुमारे ५८५ कोटी जोड्या असून त्यांपैकी सुमारे २३२ कोटी इंग्रजी मजकुराच्या आहेत. स्टेबल डिफ्यूजनची आरंभीची आवृत्ती प्रामुख्याने या इंग्रजी भागावर घडविली गेली. पुढे त्यातूनही सौंदर्यगुणाचा अंक अधिक असलेली चित्रे वेचून घेण्यात आली आणि हा अंक माणसांच्या पसंतीवरून शिकलेल्या दुसऱ्या एका यंत्राने दिलेला होता. म्हणजे 'वास्तव' चित्राच्या मुळाशी आधीच एक अभिरुची उभी होती. इतर भाषा बोलणाऱ्या समाजांचे चित्रण अपुरे राहते व पाश्चात्त्य संस्कृती गृहीत धरली जाते, ही मर्यादा या प्रणालीच्या निर्मात्यांनी सोबतच्या माहितीपत्रकात स्वतःच नोंदविली आहे.

तपशिलाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. रोलाँ बार्थ यांनी १९६८ मध्ये 'वास्तवाचा परिणाम' ही संकल्पना मांडताना फ्लोबेरच्या एका कथेतील वायुभारमापकाचे उदाहरण घेतले. कथेला त्या वस्तूचा काहीच उपयोग नाही आणि म्हणूनच ती 'आम्ही वास्तव आहोत' असे सुचविते. स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या आवृत्तीत ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचे चित्र प्रथम ६४ गुणिले ६४ अशा संक्षिप्त रूपात घडते आणि नंतर विस्तारले जाते. केसांची बारीक बट किंवा कापडाचा पोत या विस्तारात भरला जातो. दूरचे चेहरे आणि पाट्यांवरील अक्षरे या आवृत्तीत बिघडत, याचे एक कारण येथे सापडते. कादंबरीतील निरुपयोगी तपशील लेखकाने निवडलेला असतो, छायाचित्रातील तपशील लेन्ससमोर असल्यामुळे उमटलेला असतो. येथील तपशील मात्र संभाव्यतेतून आलेला असतो. परिणाम तिन्हींचा सारखा भासला, तरी उगम भिन्न आहेत.

या दृष्टीने पाहता प्रत्येक प्रणालीचा 'वास्तववाद' निराळा ठरतो. बोरिस एल्डागसेन यांनी डॅल-ई २ च्या साहाय्याने केलेली 'द इलेक्ट्रिशियन' ही प्रतिमा २०२३ च्या सोनी जागतिक छायाचित्रण स्पर्धेत एका विभागात विजयी ठरली आणि त्यांनी पुरस्कार नाकारला. दोन स्त्रियांची ती कृष्णधवल प्रतिमा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील छायाचित्राचा आभास निर्माण करते. तिची विश्वसनीयता जुनेपणाच्या संकेतावर उभी आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये पोप फ्रान्सिस यांची पांढऱ्या फुगीर कोटातील मिडजर्नी-निर्मित प्रतिमा जगभर खरी मानली गेली. तिचा आधार वृत्तछायाचित्राचा आणि फॅशन-मासिकाचा संकेत हा होता. मिडजर्नीने पुढे 'रॉ' नावाचा पर्याय दिला. प्रणालीचे स्वतःचे अलंकरण त्यात कमी होते. पण हे नावही छायाचित्रकाराच्या परिभाषेतूनच आलेले आहे. अलंकरणाचा अभाव हादेखील एक अलंकार असतो, हे वाङ्मयातील निरलंकृत शैलीच्या अभ्यासकाला परिचित आहे. फायरफ्लायची घडण प्रामुख्याने अडोबीच्या परवानाप्राप्त चित्रसाठ्यावर झाली असल्यामुळे जाहिरातीसाठी काढलेल्या छायाचित्राचे नेटके, निर्दोष जग हा तिचा पूर्वाधार ठरतो.

संकेतांबरोबर संपादनाचाही विचार करावा लागतो. डॅल-ई ३ च्या घडणीत वापरलेली वर्णने बहुतांशी, सुमारे ९५ टक्के, दुसऱ्या यंत्राने लिहिलेली होती. शिवाय वापरणाऱ्याचा त्रोटक प्रॉम्प्ट भाषा-प्रणालीकडून विस्तारून घेण्याची सोय तिच्यात करण्यात आली. मूळ वाक्य आणि चित्र यांच्या मध्ये अशा रीतीने एक अदृश्य भाषांतरकार येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलच्या जेमिनीने दुसऱ्या महायुद्धकालीन जर्मन सैनिक विविध वंशांचे दाखविले आणि कंपनीला माणसांच्या चित्रांची निर्मिती काही काळ थांबवावी लागली. प्रेमचंदांनी 'आदर्शोन्मुख यथार्थवाद' ही संज्ञा वापरली, तेव्हा आदर्शाची जबाबदारी लेखकाने उघडपणे स्वीकारलेली होती. वाचक त्याच्याशी वाद घालू शकत होता. जेमिनीच्या प्रसंगातही वास्तवाला आदर्शाकडे वळविण्याचा प्रयत्न होता, परंतु तो वाचकाच्या नजरेआड झालेला होता. दोष आदर्शाचा नव्हता. तो प्रच्छन्नतेचा आणि इतिहासाचे भान नसण्याचा होता.

भारतीय भाषांच्या संदर्भात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. 'ओसरी' हा शब्द इंग्रजीत नेताना 'व्हरांडा' असा पर्याय हाती येतो आणि त्याबरोबर वसाहतकालीन बंगल्याच्या प्रतिमा जवळ येतात; 'नऊवारी' केवळ 'साडी' होते तेव्हा नेसण्याची रीत गळते. भाषांतरातील ही हानी अभ्यासकांना नवी नाही. फरक इतकाच की भाषांतरित कादंबरीत ती शब्दांत दिसते. छायाचित्रसदृश प्रतिमेत मात्र ती पृष्ठभागाच्या खात्रीशीरपणाखाली झाकली जाते. शिवाय छायाचित्राकडून 'जसेच्या तसे' हीच अपेक्षा सर्वत्र होती, असेही नाही. ख्रिस्तोफर पिनी यांनी 'कॅमेरा इंडिका' (१९९७) या ग्रंथात मध्य भारतातील नागदा येथील स्टुडिओ-छायाचित्रणाचा अभ्यास केला. रंगविलेले पडदे, जोडप्रतिमा, दुहेरी प्रकाशन यांतून तेथील माणसे स्वतःचे इष्ट रूप साकारत. त्या परंपरेत बनावट आणि सत्य यांची सीमारेषा ग्राहक आणि छायाचित्रकार यांच्या परस्परसंमतीने आखली जाई. तेव्हा कृत्रिमतेला दोष देऊन भागणार नाही; ती कोणाच्या संमतीने आली, हे पाहावे लागेल.

२०२४ मध्ये माइल्स अॅस्ट्रे यांनी मान दडवलेल्या रोहित पक्ष्याचे खरेखुरे छायाचित्र '१८३९ पुरस्कार' स्पर्धेतील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विभागात पाठविले. ते सन्मानपात्र ठरले आणि सत्य उघड झाल्यावर बाद करण्यात आले. एल्डागसेन यांच्या प्रतिमेशेजारी हे उदाहरण ठेवले म्हणजे केवळ पृष्ठभागावरून उगमाचा निर्णय करता येत नाही, हे दोन्ही बाजूंनी स्पष्ट होते. म्हणून 'कोणती प्रणाली अधिक वास्तव' या प्रश्नाऐवजी, कोणत्या छायाचित्रांना ती वास्तव मानते, ती छायाचित्रे कोणत्या भाषेत वर्णिलेली होती आणि पाहणाऱ्याला हे कळू दिले जाते की नाही, असे प्रश्न तुलनेच्या केंद्रस्थानी यावयास हवेत. छायाचित्र न्यायालयात, वृत्तपत्रात आणि घरातल्या भिंतीवर साक्ष म्हणून वावरत आले आहे. त्या साक्षीचे मोल छायाचित्राच्या रूपावर नव्हे, तर त्याच्या उगमाच्या ज्ञानावर अवलंबून होते, एवढे या प्रणालींच्या तुलनेतून निश्चितपणे हाती लागते.